बोंबलाची चंची

मित्रांनो, चौकीच्या खिळ्याला लटकलेली ही मळकी लाल चिंधी म्हणजे मी, चिमाजींची जुनी चंची. नाक मुरडू नका. पान-तंबाखू ठेवायची कापडी पिशवी, एवढीच काही माझी ओळख नाही. माझ्या वासाने एकदा मुंबईची गाडी चिंचवड स्टेशनात अर्धा तास अडून बसली होती. ड्रायव्हर खाली उतरून विचारत होता, “कुणाकडे काय भाजलंय हो?” अर्धा तास जास्त वाटत असेल तर पाव तास धरा. त्याच्या खाली मात्र मी उतरणार नाही.

रहाटणीच्या भिमाजी शिंप्याने मला पागोट्याच्या उरलेल्या कापडातून शिवले. चार कप्पे, गुंडाळायला दोरी आणि दोरीच्या टोकाला एक घुंगरू. चिमाजी म्हणाले, “आरं, मी काय तमाशात नाचणार हाय का?” भिमाजी म्हणाला, “हरवली तर हाक मारील तुला. ऱ्हाऊ दे.”

बारा वर्षे मी चिमाजींच्या कमरेला होते. नांगरताना, मोट हाकताना, बांधावर बसून पान खाताना. आणि बांधावर माझ्या शेजारी बसायचा गेंद्या. पिवळट रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. त्या रानात त्याच्या परवानगीशिवाय कावळासुद्धा उतरत नसे.

मग १९५६ साली ते रान कारखान्यात गेले. बांधाच्या जागी तारेचे कुंपण आले, आंब्याच्या जागी फाटक आले आणि चिमाजींना त्याच फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. माणसाला खाकी सदरा घातला की कळते, आता हे आपले राहिले नाही. गेंद्याला सदरा कोण घालणार? त्याच्या लेखी ते अजून आमचेच रान होते. भोंगा झाला की शेकडो सायकली फाटकातून बाहेर पडत आणि गेंद्या त्यांच्या मागे धावत सुटे. गुरे पिकात शिरली की धावायचा, अगदी तसाच.

फाटकावरचे मोठे साहेब नानासाहेब. फौजेतून आलेले, पण मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, “चिमाजी, कुत्रा राखणीला उत्तम आहे. पण एका हाकेला मागे फिरला पाहिजे. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, भोंग्याच्या वेळी, मी स्वतः पाहीन. फिरला तर इथेच राहील. नाही फिरला तर घाटाखालच्या गोदामावर पाठवावा लागेल.”

“फिरंल, साहेब. माझा शब्द हाय.”

महिनाभराची मुदत होती. चिमाजींनी तंबाखू झटकून मला रिकामे केले आणि माझ्यात खाऊ भरायला सुरुवात केली. आधी भाकरीच्या कडा. गेंद्या शेपूट हलवून खाई. पण सायकल दिसली की कडा तशीच टाकून पळे. मग गूळ. तो गेंद्याच्या आधी मुंगळ्यांनी पळवला. अख्खी चंची उचलून ते पिंपळे गुरवच्या वाटेला लागले होते, चिमाजींनी मला आडवे येऊन सोडवले. मग उकडलेले अंडे. ते माझ्यात फुटले, त्याविषयी मी बोलणार नाही.

शेवटी आठवड्याच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या गोजाबाईने चिमाजींच्या हातावर एक बोंबील ठेवला. “भाजून घाला त्याला. येतोय का न्हाई बघा. न्हाई आला तर मीच येते!”

आला! मित्रांनो, असा आला, की वाटेतली कोंबडी तीन दिवस गोल गोल फिरत होती. चिमाजींनी मग युक्ती केली. बोंबील भाजायचा आणि सुपारीच्या अडकित्त्याने नखाएवढे तुकडे करायचे. मंजुळाबाई, म्हणजे चिमाजींच्या घरच्या, ओरडल्या, “आवो, त्याच अडकित्त्यानं मी पाव्हण्यांस्नी सुपारी देते!”

“मग पाव्हणं बी हाकेला येतील,” चिमाजी म्हणाले.

त्यांनी कायदाच केला. बस म्हटल्यावर बसला तर भाकरी. ती सोपी कामे. सायकली सोडून मागे फिरला तरच बोंबील, आणि तोही लगेच, पाऊल फिरताक्षणी. माझे घुंगरू वाजले म्हणजे बोंबील, हे गेंद्याच्या काळजावर कोरले गेले. आषाढ संपेपर्यंत भर धावेतून तो जागच्या जागी वळू लागला. कामगार सायकलीवरून टाळ्या वाजवत. मीही कमरेवर जरा जास्तच डुलत असे.

आणि श्रावण लागला.

मंजुळाबाईंनी मला रिठ्याच्या पाण्यात घातले, पवना नदीवर नेऊन धोपटले आणि उन्हात टाकले. माझ्यात फुटाणे भरले. चिमाजी जरा घुटमळले. “अगं, सोमवार जवळ आलाय.”

“श्रावण पाळायचा तर समद्या घरानं पाळायचा,” त्या म्हणाल्या. “गेंद्या घरातला न्हाई व्हय? का त्याला परका म्हनायचं?”

चिमाजीही त्याला घरातलाच मानत होते. शिवाय मनात एक गोड गर्व होता. ते गेंद्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बोंबलाचं काय एवढं? त्यो माझ्या हाकंला येतोय. वासाला न्हाई.”

पहिल्या दिवशी घुंगरू वाजले आणि गेंद्या धावत आला. फुटाणा हुंगला. वर चिमाजींच्या तोंडाकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी चालत आला. पाचव्या दिवशी अर्ध्या वाटेवर थांबला. “उपास कुणाला आवडतोय?” चिमाजी हसून म्हणाले. मला हसू आले नाही. पण मी वाजू शकते, बोलू शकत नाही.

सोमवार आला. इथून पुढे मी काहीही वाढवून सांगत नाही.

भोंगा झाला. सायकली सुटल्या. गेंद्या धावला. चिमाजींनी हाक मारली आणि मला हलवले. घुंगरू वाजले तसा गेंद्या थांबला. खरेच थांबला. वळला. त्याने नाक वर केले, आणि वारा माझ्याकडून त्याच्याकडे वाहत होता. वीस पावलांवरून त्याने मला ओळखले. माझ्यात काय आहे ते नाही, काय नाही ते. तो रागावला नाही. नुसता बघत राहिला. मग पाठ फिरवून सायकलींमागे गेला. अर्जुनराव फिटर सायकलीवरून पडले, त्यांचा गुडघा फुटला.

“तसं काई लागलं न्हाई, साहेब,” अर्जुनराव गुडघा दाबून म्हणाले. “गेंद्या चांगला गडी हाय.”

नानासाहेबांनी चष्मा काढून पुसला. “चिमाजी, तुम्ही शब्द दिला होता.” त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते.

गेंद्याला गोदामावर नेणारा ट्रक तासाभरात निघणार होता. चिमाजी गोजाबाईच्या घराकडे पळाले. श्रावणात तिची पाटी पालथी असायची. “अवो, आज सोमवार हाय!” ती म्हणाली. पण त्यांचा चेहरा बघून तिने गाडग्यातून बोंबील काढले आणि चुलीवर भाजून दिले. चिमाजींनी हातानेच तुकडे करून माझ्यात कोंबले. उपाशी पोटी ते धावत आले. ट्रक मुंबई रस्त्याला लागला होता. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून मला हलवत राहिले, हलवत राहिले, दोरी तुटेपर्यंत. “गेंद्या, खरं हाय रं ह्या टायमाला! खरं हाय!”

मित्रांनो, गेंद्या ट्रकमधून उडी मारून परत आला, असे मी सांगू शकले असते. गाडी थांबवणाऱ्या चंचीला तेवढे काय अवघड! पण तो आला नाही. पुढच्या महिन्यात चिमाजी गोदामावर जाऊन आले. साखळी तोडून तो दुसऱ्याच दिवशी कुठेतरी निघून गेला होता.

पुढच्या श्रावणात मंजुळाबाई स्वतः चौकीवर आल्या. मला खिळ्यावरून काढले. मी म्हटले, आता पुन्हा रिठा. पण त्यांनी पदराखालून भाजलेले बोंबील काढले, अडकित्त्याने नखाएवढे तुकडे केले आणि माझ्यात भरले. तुटलेल्या दोरीला गाठ मारली. “देवाला काय सांगायचं ते माझं मी सांगीन,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांनी मला धुतलेले नाही. मी मळकी का, ते आता कळले ना? तुमच्याकडे एखादे मुके जनावर असेल, तर त्याला हाक मारण्यापूर्वी एकदा स्वतःची मूठ उघडून बघा. हाकेत जे कबूल केले ते मुठीत आहे ना? त्याला आपला सणवार कळत नाही, आपली माया कशी असते तेही कळत नाही. त्याला तेवढीच मूठ कळते.

घाटाकडून ट्रक आला की चिमाजी अजून उठतात, मला खिळ्यावरून काढतात आणि दोनदा हलवतात. मी वाजते. आता मी भरलेली आहे.