मामाच्या डोक्यातली सूज

दिपिका लहानपणीच आईला पारखी झाली. वैशाखरे गावच्या गोमा मामाने आणि सावळी मामीने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. शिकत शिकत ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पोचली. डोक्याला मार बसल्यावर मेंदूला सूज का येते, आणि जखम भरली तरी ती का रेंगाळते, हा तिचा विषय. उंदरांच्या मेंदूचे पातळ काप काचेवर घेऊन ती तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसे. मामीला कुणी विचारलं तर ती सांगायची, "आमची पोर उंदरांची डॉक्टर हाय."

मग सिद्धगडाच्या अंगाला हिरडा काढताना पायाखालची फांदी मोडली आणि मामाचं डोकं खालच्या दगडावर आपटलं. दवाखान्यातून तो चालत घरी आला, टाके सुकले, सगळे म्हणाले, वाचला. पण घरी आला तो माणूस वेगळाच होता. जन्मात ज्याने आवाज चढवला नव्हता तो भांडं वाजलं तरी खेकसायचा. एकदा त्याने भाकरीचं ताट मामीच्या अंगावर भिरकावलं.

दिपिका सुट्टी काढून आली तेव्हा मामी माहेरी जायला गाठोडं बांधून ओटीवर बसली होती. आत मामा भिंतीकडे तोंड करून पडलेला. दिपिकाने दिवा लावला तर तो ओरडला, "बंद कर! कोण गो तू?"

तिने दिवा मालवला. एवढ्या वर्षांत एवढं वाचलं, लिहिलं. त्यातला एकही शब्द तिला आठवेना. ती बाहेर येऊन मामीशेजारी बसली आणि दोघी नुसत्या रडल्या.

"माझं काय चुकलं गो?" मामी म्हणाली. "एवढ्या सौंसारात कदी तोंड वाकडं नाय केलं यांनी. आता मी समोर आली की अंगार."

दिपिकाने डोळे पुसले. "मामी, रानात वणवा लागला की काय करता तुमी?"

"फांद्या घेऊन झोडपतो."

"आणि आग विझल्यावरबी झोडपतच राहिलात तर?"

"वाचलेली रोपंबी जातील की."

"मामाच्या डोक्यात तेच चाललंय. मेंदूला राखणाऱ्या पेशी असतात. जखम झाली तेव्हा त्या धावून आल्या. बरंच केलं त्यांनी. पण आता थांबत नायत. उजेड, आवाज, काय सहन होत नाय त्याला. तो राग तुझ्यावरचा नाय."

मामीने गाठोड्यावरचा हात काढला. मग आशेने म्हणाली, "मग दे की औषध. तेवढ्यासाठीच शिकलीस ना?"

"नाय गो. अजून उंदरांवरच बघतोय. एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाय. माणसाला द्यायला लय वेळ हाय." हे सांगताना दिपिकाची मान खाली गेली.

मामीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "आसूदे. माझ्यावर राग नाय, एवढं कळलं ना." आणि तिने गाठोडं सोडून लुगडी परत दांडीवर टाकली.

त्या दिवसापासून घरातला टीव्ही बंद झाला. भेटायला येणाऱ्यांना मामी ओटीवरूनच चहा पाजून वाटेला लावी. मामाला झोप पुरेशी मिळू लागली. तो चिडला की ती उठून परसात जाई आणि थोड्या वेळाने परत येई. सुधारणा मुंगीच्या पावलाने झाली, पण झाली.

दिपिका पुण्याला परतली ती एक विचार घेऊन. झाडावरून पडून, हायवेवर आपटून, घरी परतून 'बरी' झालेली किती माणसं मामाच्या भागात असतील? खटपट करून तिने तिकडच्याच शहापूरच्या एका डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा खोली मिळवली. अशा रुग्णांचं रक्त तपासायचं, त्यातल्या खुणांवरून सूज किती उरली ते बघायचं, घरच्यांशी बोलायचं.

पहिल्याच दिवशी मामा-मामी आले. बाकावर चंद्रकला नावाची तरुण बाई बसली होती. मोटारसायकलवरून पडलेला तिचा नवरा आत होता.

"मी नजरेसमोर नको असते त्यांना," ती सांगत होती. "हात उचलतात आता. आधी असे नव्हते."

"हात उचलतो तेव्हा थांबू नको, शेजारी जा," मामी म्हणाली. "आन आत सांग आमच्या पोरीला, लपवू नको. पण मनाला लावून घेऊ नको. ती डोक्यातली सूज हाय गो, त्याचं मन नाय."

चंद्रकलेला हुंदका फुटला. मामाने तिच्याकडे पाहिलं. शब्द शोधताना त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सावळे," तो हळूच म्हणाला, "तिला... तिला पाणी दे."

आतल्या खोलीत रक्ताच्या नळीवर नाव लिहिता लिहिता मामाचा तो हळू आवाज ऐकून दिपिकाचा हात थांबला. तिने दार आणखी थोडं उघडं केलं.