बकरीनं बाभुळगाव खाल्लं

टण्ण! डब्याचं झाकण अर्पिताच्या हातून सुटलं, फरशीवर पडलं, आणि उभ्यानंच गरागरा फिरत, दमून चपटं होत होत फ्रिजखाली जाऊन निजलं. पोरीच्या शाळेवरून रात्रीच्या जेवणापासून घरातली मोठी माणसं एकमेकांशी बोलली नव्हती, त्यामुळे तो आवाज जरा जास्तच मोठा वाटला.

"झाकण पडलं ना?" आतल्या खोलीतून नयन ओरडली. डोळे उघडायच्या आधी त्या पोरीचं तोंड उघडायचं. "मोठ्या डब्याचं का लहान्याचं? आई, थे दरवेळी फ्रिजखालीच काहून जाते? आई, मले सपन पडलं. सपनात आजीले शेपूट होतं!"

सासूबाई, वच्छलाबाई, देवाला फुलं वाहत होत्या. शेपटाचं ऐकलं आणि त्यांचा अबोला मोडला.

"ऐकून राह्यली ना, अर्पिता? घरी हे पोट्टी रेडिओ हाय. अन् तुह्या शाळेत? जूनपासून एक शब्द नाही. मंग कायले नेतं तिले थ्या तांड्यावर?"

"बोलेल हो ती."

"कवा? तिचं लग्न ठरल्यावर? आज तुमच्या शाळेचा शेवटचा दिवस. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या का कळंबच्या कॉन्व्हेंटची गाडी येते दारात. घनश्यामनं गाडीवाल्या विक्कीले सांगून ठेवलं हाय."

घनश्याम कापसाच्या शेतात, पऱ्हाटीत जायला निघाला होता. बायको आणि आई, दोघींच्या नजरा एकदमच अंगावर आल्यावर त्यानं मोटारसायकलच्या टाकीकडे पाहून उत्तर दिलं, "आज बोलली तं राहू दे तिथंच, मी तं तेच म्हणतो. नाही बोलली तं..." पुढचं गाडीच्या किकमध्ये गेलं.

नयनला आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं, हा हट्ट अर्पिताचा. आपण शिकवतो ते आपल्या पोरीला पुरत नसेल तर तांड्यावरच्या पोरांना कोणत्या तोंडानं शिकवायचं, असं ती भर घरात म्हणाली होती आणि तेव्हा जिंकली होती. पण मनातलं कारण त्याहून लहान आणि जास्त चिवट होतं. सकाळी स्कूटीवर पुढे उभी राहिलेली नयन, वाऱ्यानं नाकाशी येणाऱ्या तिच्या वेण्या, त्यांचा खोबरेल तेलाचा वास. तो वास विक्कीच्या गाडीत बसवून कळंबला पाठवायचा म्हणजे फारच झालं.

वाटेत नयनचं चालूच होतं. सोयाबीन कापल्यावर शेताला थंडी वाजते काय, कापूस आधी पांढरा होतो का आधी फुटतो, स्कूटीचं नाव काय ठेवायचं. तांड्याची पाण्याची टाकी दिसली आणि नळ बंद करावा तशी पोरगी बंद.

असं जूनपासून. पहिल्याच दिवशी तिनं भर वर्गात "आई, सू आली" म्हटलं आणि अख्खी खोली खदाखदा हसली. "इथं मॅडम म्हणायचं हं," अर्पितानं तिच्या कानात सांगितलं. संध्याकाळी घरी नयन शहाण्यासारखी म्हणाली, "मॅडम, भूक लागली," तर वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. "स्वतःच्या मायले मॅडम म्हणते व!" त्यानंतर शाळेत चिडीचूप. अर्पितानं चॉकलेट देऊन पाहिलं, बाहुली आणून पाहिली, रागावून पाहिलं, मुद्दाम न रागावून पाहिलं. नयन मान हलवायची, बोट दाखवायची, झकास चित्रं काढायची. तोंड उघडायचं ते फक्त खिचडी खायला.

शाळेत मास्तर दोन आणि वर्ग चार. त्यातले सुनील सर प्रशिक्षणाला गेलेले, म्हणून चारही वर्ग एका खोलीत आणि अर्पिता एकटी. पहिलीला जवळ आणि दूर, दुसरीला दिशा, तिसरीला आपला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र. पहिलीचं जवळ संपेपर्यंत चौथीचा महाराष्ट्र एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालायचा.

कालचीच गोष्ट. दुसरीच्या संजयला तिनं विचारलं, "संजय, उत्तर कुठे आहे?"

"गाइडात, मॅडम," संजय म्हणाला. अगदी मनापासून.

"अरे, दिशा रे! उत्तर दिशा!"

संजयनं भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. उत्तर वरच्या अंगाला लिहिलेली होती. त्यानं बोट वर केलं, थेट छताच्या टिनाकडे. सगळी दुसरी माना वर करून टिनात उत्तर शोधायला लागली. तेवढ्यात चौथीतला देवसिंग म्हणाला, "मॅडम, मंग दिल्लीले शिडी लावून जा लागते काय?"

हसून हसून अर्पिताच्या हातातला खडू तुटला. आणि तेव्हाच ठरलं. नकाशा भिंतीवरून खाली उतरवायचा, जमिनीवर आडवा निजवायचा. उत्तर जिकडे खरोखर आहे तिकडे त्याचं डोकं.

म्हणून आज सगळी शाळा पटांगणात. तिसरीतल्या बबितानं पुस्तक एका हातात धरून दुसऱ्या हातातल्या काडीनं मातीत यवतमाळ जिल्हा काढला. हात चांगला होता पोरीचा, पण पुसदच्या वळणावर तिला शिंक आली आणि जिल्ह्याचं पोट सुटलं. वरच्या कडेला अर्पितानं आपली निळी ओढणी अंथरली. ही वर्धा नदी. खालच्या कडेला बबिताची रिबीन. ही पैनगंगा. दुसरीची पोरं चार दिशांना चार उभी केली. संजय हातपंपाजवळ छाती काढून ओरडत होता, "मी उत्तर! मी उत्तर!"

"निघाला वाटते गाइडातून," देवसिंग म्हणाला.

पहिलीनं तालुके भरायला घेतले. बाभुळगावात सोयाबीन, मारेगावात कापूस, कळंबात तुरीचे शेंडे.

"मारेगाव जवळ का दूर?" अर्पितानं विचारलं.

"पंपापासून दूर, मॅडम," एक चिमुरडी कापूस पसरत म्हणाली, "पण माह्यापासून जवळ हाय. मी मारेगावातच बसली ना."

चौथीला जिल्ह्याबाहेर उभं केलं, शेजारी म्हणून. कोणी अमरावती, कोणी चंद्रपूर. देवसिंग नांदेड झाला. हद्दीच्या आत पाय टाकला की बाद, असा नियम त्यानंच केला आणि पाच मिनिटांत त्यालाच पस्तावा आला, कारण सगळी मजा आत होती.

नयनच्या वाट्याला कळंब आलं. बबितानं कळंबात तिच्या पायाशी माचिसची रिकामी डबी ठेवली. "ही आपली शाळा. सांभाळजो." नयन उकिडवी बसली आणि डबीभोवती दोन्ही हातांचं कुंपण केलं.

"नयन," अर्पितानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू कोणता तालुका गं?"

सगळी पोरं थांबली. जूनपासून तीही वाटच पाहत होती. नयननं ओठ उघडले, मिटले, आणि बोटानं जमीन दाखवली. अर्पिता हसली आणि पुढच्या पोराकडे वळली. पण डोळ्यापुढे विक्कीची गाडी येऊन उभी राहिली, हॉर्न वाजवत.

आणि तेवढ्यात उत्तरेकडून बकरी आली.

तांड्यावरच्या रुपीबाईची बकरी, काळी, एक कान पांढरा. संजयनं दोन्ही हात पसरून "मी उत्तर! मी उत्तर!" असा धाक घातला, पण बकरीला दिशांचं काही नव्हतं. ती वर्धा नदी तुडवत थेट जिल्ह्यात शिरली आणि सोयाबीनमध्ये तोंड घातलं.

"मॅडम! बकरीनं बाभुळगाव खाल्लं!"

"अर्धंच खाल्लं!"

"आता पुरं खाल्लं!"

"मॅडम, मी येऊ काय?" देवसिंग हद्दीवर उड्या मारत होता.

"तू नांदेड हायेस!" बबिता ओरडली. "पैनगंगा वलांडू नको!"

"बकरी जिल्हा खाऊन राह्यली अन् नांदेडनं काय पाहत बसावं?"

अमरावतीनं नियम मोडला, चंद्रपूर धावलं, मारेगाव कापूस पोटाशी धरून पळत सुटलं आणि पळता पळता चंद्रपूरवर आदळलं. पूर्व पश्चिमेला गेली. अर्पितानं ओरडायला तोंड उघडलं, पण त्यातून हसूच निघालं. एकदा निघालं ते थांबेना. पोटात कळ आली, केसांचा अंबाडा सुटला, आणि ती होती तिथंच, घाटंजीत, मातीत फतकल मारून बसली.

घुंगरांचा आवाज करत रुपीबाई फाटकातून आत आली. "मॅडम, माही बकरी पाह्यली काय?"

"आजी, तुह्या बकरीनं बाभुळगाव खाल्लं!" पोरांनी एका सुरात सांगितलं.

"अव माय!" रुपीबाईनं छातीला हात लावला. "कोणाचं होतं? मी भरून देतो ना, बाप्पा!"

आता अर्पिताला श्वासही घेता येईना. रुपीबाईनं बकरीचा तो पांढरा कान धरला आणि तिला ओढत नेलं, ते नेमकं कळंबातून. जाता जाता बकरीनं मागचा पाय झाडला आणि शाळा उडाली.

नयननं झेप घेऊन डबी पकडली. धूळ पुसली. जिथं होती तिथं ठेवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत उचलली, बोटानं थोडी उघडली आणि एक डोळा लावून आत पाहिलं. मान वर करून भोवतालच्या जिल्ह्याकडे पाहिलं. मागं वळून खऱ्या शाळेकडे पाहिलं. मग डबी मुठीत घेऊन, तालुक्यांच्या रेघा जपून ओलांडत, ती घाटंजीत आली आणि आईच्या कुर्त्याची बाही ओढली.

अर्पितानं डोळे पुसले. नयनच्या ओठांवर आधी 'आ' झाला. मग तो मिटून 'म' झाला. मग ते दोन्ही सोडून तिनं तशीच सुरुवात केली.

"हे आपली शाळा हाय ना?"

आवाज मोठा नव्हता, पण पटांगणभर पोचला. देवसिंगचा एक पाय पैनगंगेवर अधांतरी राहिला.

"बोलली!" संजय किंचाळला, आणि बबितानं त्याच्या तोंडावर हात दाबला.

"हो," अर्पिता म्हणाली. "आपलीच शाळा."

"मंग हिच्याबी पटांगणात नकाशा काढला असन. लहानसा."

"असेल की."

"अन् त्या नकाशात अजून एक डबी. तिच्यात अजून एक शाळा. बारीक. मुंगीएवढी."

"हो गं बाई."

"तिथंबी एक मॅडम असन," नयन म्हणाली. "अन् तिचीबी पोरगी पहिलीत असन. तिच्यापाशीच." तिनं डबी कानाला लावून थोडा वेळ ऐकलं. काही ऐकू आलं नसावं, कारण तिच्या कपाळावर आठी पडली. मग तिनं डबी कानावरून काढली आणि सगळ्या शाळेदेखत विचारलं, "मंग थे पोरगी तिले शाळेत काय म्हणते? आई का मॅडम?"