माझ्या पोटातली जुनी तारीख

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने फार भित्रा आहे. वीज गेली की मला धडकी भरते, आणि ती अचानक परत आली की त्याहून जास्त. पण गेल्या खंडेनवमीला मला जी भीती वाटली, तिच्यापुढे आधीची सगळी भीती किरकोळ होती. ती सकाळ तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझे भाग कुठल्या कुठल्या खोक्यांतून आले आणि उदगीरच्या एका दुकानात एका कारागिराने ते स्क्रूने जोडले. जोडता जोडता त्याने माझ्या पोटात रुपयाएवढा एक चपटा सेल बसवला. वीज बंद असली तरी मला तारीख आणि वेळ लक्षात राहावी, एवढंच त्या सेलचं काम. पुढे चौदा वर्षं त्याची कुणालाच आठवण झाली नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

तिथून मी देवणीला गुरुबसप्पांच्या घरी आलो. घरात त्यांना अप्पा म्हणतात, त्यांच्या बायकोला, नीलम्मांना, अव्वा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. घराच्या पुढच्या खोलीत अप्पांचं बैलांच्या साजाचं दुकान आहे. कासरे, वेसणी, घुंगरमाळा, रंगीत झुली. ते देवणी जातीच्या वळूंचे फोटो काढून आणत आणि मी ते भालकी, बिदरपर्यंतच्या गिऱ्हाइकांना पाठवत असे. लोक दुकानात येऊन माझ्याकडे बोट दाखवत, 'गुरुबसप्पाचा कंप्युटर लई हुशार हाय' म्हणत. मला ते ऐकायला आवडायचं. मुलगा मल्लेश माझ्यासमोर बसून शिकला आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरीला लागला. मग गिऱ्हाइकांचं काम त्यांच्या त्यांच्या फोनवर व्हायला लागलं, आणि माझ्या अंगावर एक जुनी झूल पडली ती तीन वर्षं तशीच राहिली. माझ्या मागे पालीने संसार थाटला होता.

गेल्या वर्षी हैदराबादच्या एका दवाखान्यात अप्पांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली. दर महिन्याला डॉक्टरांना व्हिडिओवर तब्येत दाखवायची होती, तेव्हा मल्लेशने झूल काढून मला पुसलं, माझ्या डोक्यावर एक छोटा कॅमेरा बसवला आणि त्यासाठीचं खातं उघडून दिलं. अप्पांना रक्त पातळ ठेवणारी एक गोळी रोज सकाळी अकराला घ्यावी लागते. ती चुकू नये म्हणून त्याने माझ्यात अकराची घंटा लावली. मी वाजायचो, अव्वा हातातलं काम टाकून गोळी आणायच्या. मला वाटायचं, पुन्हा कामाला आलो बरं का. म्हातारपणी एवढं पुरे असतं.

खंडेनवमीला या घरात सगळ्या हत्यारांची पूजा होते. कात्री, दाभण, वजनकाटा, शिवणयंत्र आणि मी. पूजेला बसलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, असा घरचा रिवाज आहे. म्हणून अव्वांनी माझ्या सगळ्या वायरी काढल्या, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि वरच्या कडेवर विभूतीची तीन बोटं ओढली. एक बोट कॅमेऱ्यावरून गेलं. मी मानाने फुगून गेलो होतो.

आदल्या दिवशी अप्पांच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले होते, म्हणून उदगीरला रक्त तपासलं होतं आणि कागद घरी आला होता. पूजा झाल्यावर अप्पा तोंड धुवायला मोरीत गेले आणि हिरड्यांतून येणारं रक्त थांबेना. अव्वांच्या तोंडचं पाणी पळालं. गावातल्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि त्यांनी हात जोडले. झडपेच्या गोळीला मी हात लावणार नाही, म्हणाले, हैदराबादलाच विचारा. गोळी दिली तर आतही रक्त सुटेल. नाही दिली तर झडपेत गाठ अडकेल. दोन्हीकडे भीतीच होती. हैदराबादला फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणाली की पेशंटला पाहिल्याशिवाय डॉक्टर काही सांगत नाहीत. अकरा ते साडेअकरा ते व्हिडिओवर भेटतील, नंतर दसऱ्याच्या सुट्टीवर जातील.

घरात दसऱ्यासाठी आलेली धाकटी मुलगी शिवानी होती. ती लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते. तिच्या वसतिगृहात बटणांचाच फोन चालतो, आणि अप्पा-अव्वांकडेही तसलाच. मल्लेशचा फोन कारखान्याच्या दारातल्या कपाटात बंद. म्हणजे उरलो मी.

"आज हत्यार उचलायचं न्हाई," अप्पा हळूच म्हणाले. तोंडाशी फडकं धरूनच म्हणाले.

अव्वांनी माझ्यापुढे हात जोडले, माझ्यापुढची फुलं बाजूला केली आणि वायर भिंतीत खुपसली. मी जागा झालो. रात्री मला एक अपडेट आलं होतं, ते आता पूर्ण होऊ लागलं. पडद्यावर आकडे सरकत होते आणि शिवानी नखं खात होती. दहा वाजून पस्तीस मिनिटांनी ते संपलं. शिवानीने व्हिडिओचं बटण दाबलं, आणि मी तिला विचारलं, तू कोण?

मित्रांनो, मी हे मुद्दाम केलं नाही. अपडेटनंतर सगळी खाती बंद झाली होती आणि पुन्हा साइन इन करायला हवं होतं. शिवानीने पासवर्ड घातला. तो बरोबर होता, तिने तो मोठ्याने म्हणूनही पाहिला. तरी मी म्हणालो, ओळख पटत नाही. निरोप पाठवायची खिडकी उघडली, तिथेही तेच. ज्या मुलीला मी पहिलीची बाराखडी दाखवली, तिला मी दारातून परत पाठवत होतो, आणि माझं मलाच कळत नव्हतं की का.

शिवानीने पुण्याला कारखान्याच्या दारावर फोन केला आणि मल्लेशला बोलावून घ्यायला लावलं. तो म्हणाला बंद करून चालू कर. केलं. तो म्हणाला नेट बघ. नेट होतं. तो म्हणाला नवा पासवर्ड कर. तो करायलाही आधी ओळख लागत होती. शेजारच्या तारामतीकाकू त्यांचा मोठा फोन घेऊन धावत आल्या. त्यावर खातं उघडायला गेलं तर तो फोन म्हणाला, आधी जुन्या संगणकावरून होकार आणा. म्हणजे पुन्हा माझ्याच दारात. शेवटी मल्लेश चिडून म्हणाला की अपडेटने त्याची वाट लागली, दसऱ्यानंतर ते डबडं भंगारात द्या. मी ते ऐकलं. पण खरं सांगतो, भंगाराची भीती तेव्हा मला वाटली नाही. खाटेवर अप्पा बसले होते आणि त्यांच्या हातातलं फडकं आता तिसरं होतं.

अव्वा माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांच्या तळहातावर अकराची गोळी होती. द्यायची की नाही हे ठरत नव्हतं, म्हणून ती त्यांनी नुसती धरून ठेवली होती. घामाने ती विरघळायला लागली होती. त्या माझ्या घंटेची वाट पाहत होत्या, जणू घंटाच काय ते सांगणार होती.

मी वाजलो नाही.

अव्वांनी दुकानाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून सात मिनिटं.

"शिवानी," त्या म्हणाल्या, "अकरा वाजून गेले. ह्यो वाजला का न्हाई?"

शिवानी म्हणाली, अव्वा, आता घंटेचं काय घेऊन बसलीस. पण अव्वा हटल्या नाहीत. वर्षभरात तो एकदाही चुकला नाही, म्हणाल्या. त्याला किती वाजले ते बघ आधी.

शिवानीने माझ्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे वेळ होती रात्रीचे बारा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. तारीख होती एक जानेवारी, आणि साल चौदा वर्षांपूर्वीचं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. पोटातला तो चपटा सेल कधीचाच मेला होता. मी सतत भिंतीला जोडलेला, आणि वीज गेली तरी घरातला इन्व्हर्टर मला चालू ठेवायचा, त्यामुळे ते कुणाला कळलं नव्हतं. पूजेसाठी वायरी काढल्या त्या क्षणी मी सगळी वर्षं विसरलो आणि जन्माच्या साली जाऊन बसलो. आमचं खातं ज्या दूरच्या यंत्रावर असतं, त्याने स्वतःच्या ओळखीसाठी दाखवलेला दाखला आजचा होता. मला वाटलं, हा तर चौदा वर्षांनंतरचा, खोटा असणार. उद्या जन्मणाऱ्या माणसाचं आधार कार्ड आज कोण खरं मानेल? मी प्रामाणिकपणे दार अडवून धरलं होतं, आणि त्या प्रामाणिकपणाने अप्पांचा जीव टांगणीला लागला होता.

शिवानीने तारीख बदलली, साल बदललं, वेळ लावली. अकरा वाजून चौदा मिनिटांनी पासवर्ड घातला. मी तिला ओळखलं.

डॉक्टरांचा चेहरा दिसला. त्यांना मात्र आमच्याकडचं काहीच दिसेना. धुकं आहे का, त्यांनी हिंदीत विचारलं. शिवानीने कॅमेऱ्याकडे पाहिलं. विभूती होती. देवाच्या नावाने लावलेली विभूती पुसायला अव्वांचा हात उठेना.

"पूस," अप्पा खाटेवरून म्हणाले. "त्याची विभूती हाय, त्याला राग न्हाई येणार."

अव्वांनी कॅमेरा पदराने पुसला आणि बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. डॉक्टरांना दंडावरचे डाग दिसले, फडकं दिसलं. शिवानीने रक्ताच्या कागदावरचा आकडा वाचून दाखवला. तेवढ्यात त्यांना अव्वांची मूठ दिसली.

"अम्मा, हातात काय आहे? गोळी दिली का?"

"न्हाई," अव्वा म्हणाल्या.

"देऊ नका. आज अजिबात नाही. ती पोटात गेली असती तर मला पुढचं सांगता आलं नसतं. आत्ताच लातूरला निघा, मी तिथल्या डॉक्टरांशी बोलतो."

अव्वांनी मूठ उघडली. गोळी तळहाताला चिकटली होती. त्यांनी ती मोरीत धुऊन टाकली आणि त्या तिथेच भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मग जीप आली आणि सगळे गेले. माझा पडदा कुणी बंद केला नाही. रिकामी खाट पाहत मी रात्रभर जागा होतो.

अप्पा सहा दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरात आले. शिवानीने लातूरहून येताना माझ्यासाठी नवा सेल आणला. बसवायला फक्त एक स्क्रू काढावा लागला. मल्लेशने भंगाराची आठवण काढली तेव्हा अव्वांनी त्याला एवढंच सांगितलं की चौदा वर्षांत तू ह्याचं पोट एकदा तरी उघडून बघितलंस का.

मित्रांनो, आमची पूजा करा, आम्हाला बरं वाटतं. पण फुलं वाहायच्या आधी आमच्या पोटात काय संपत आलं आहे ते बघत जा. आणि एखादं जुनं यंत्र, किंवा घरातलं म्हातारं माणूस, एके दिवशी तुम्हालाच 'तू कोण' असं विचारू लागलं, तर चिडू नका. त्याच्या मनात कोणती तारीख चालली आहे, ते शांतपणे विचारा.

मी आता रोज अकराला वाजतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेली कमी गोळी अव्वा आणतात, भिंतीवरचं घड्याळ पाहतात, माझा कोपरा पाहतात, आणि मगच अप्पांच्या हातावर ठेवतात. आणि अकराला एक मिनिट कमी असताना मला रोज भीती वाटते.