चौथ्या दिवशीचा रंग

धाकट्या बहिणीला पक्षी कसा धरायचा ते मी शिकवलं. मान दोन बोटांच्या मधे, पाठ तळहाताला, छातीवर दाब नाही. फिंच म्हणजे चिमणीएवढासा जीव, छाती दाबली गेली तर श्वासच थांबतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तिचं एवढं कौतुक झालं त्यात हे कुठेच आलं नाही.

संशोधन केंद्राच्या पक्षीघरात मी अकरा वर्षं आहे. राळे पाखडायचे, पाणी बदलायचं, चोच घासायला समुद्रफेसाचे तुकडे टांगायचे, घरट्यांच्या पेट्या धुवायच्या. धाकटी शिकून आली ती थेट माझी साहेब म्हणून. आमच्यात लहानपणापासून हेच. ती आईवर गेलेली, गोरी, नाकीडोळी नीटस. मी बाबांवर, काळी. पाहुणे आले की तिला मांडीवर घेत आणि मला पाणी आणायला सांगत. बहिणीवर जळू नये हे मला कळतं. कळून काही उपयोग झाला नाही.

आमच्या फिंचांत काहींची डोकी लाल, काहींची काळी. लाल मादीला काळा नर मिळाला तर त्यांच्या पिल्लांतल्या माद्या फारशा जगत नाहीत. म्हणून म्हणे अशी मादी नरच जास्त जन्माला घालते. ती हे नुसत्या दिसण्यावरून ठरवते का, ते धाकटीला बघायचं होतं. त्यासाठी लाल नरांचीच डोकी काळी रंगवायची, त्यांना लाल माद्यांबरोबर ठेवायचं आणि पिल्लं मोजायची. तिने हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग मला दोन्ही मुली कशा झाल्या?" बाबा म्हणाले, "तू माझ्याकडे कधी नीट बघितलंच नसशील." सगळे हसले. मीही हसले, पण मला ते आवडलं नव्हतं.

रंगवायचं काम माझं. बारा पिंजरे, बारा नर. पक्षी आंघोळ करतात, रंग उतरतो, म्हणून दर चौथ्या दिवशी बारीक कुंचल्याने नवा हात. धाकटीने स्वतःला पक्षीघरात यायची बंदी घातली होती. डोळ्यांनी बघितलं की मोजताना मन हवं तिकडे झुकतं, असं तिचं म्हणणं. पिल्लाच्या रक्ताचा एक थेंब मी कागदावर घ्यायचा, पिंजऱ्याचा आकडा घालून वर पाठवायचा, आणि नर की मादी ते ती तपासणार. पिल्लांच्या पहिल्या दोन खेपांना दहांत सात नर निघाले. केंद्रात तिचं नाव झालं.

मग बाहेरून मोठी माणसं बघायला आली. संचालक तिला पुढे घालून दारापर्यंत आले. मी एप्रन घालून, हातात राळ्याचं भांडं घेऊन उभी. धाकटीने माझ्याकडे हात केला आणि म्हणाली, "या आमच्या पक्ष्यांचं बघतात."

या. आमच्या पक्ष्यांचं.

अंगाचा तिळपापड झाला. त्याच दुपारी मी ओल्या कापसाच्या बोळ्याने बाराही डोकी पुसून काढली. लालभडक नर पुन्हा लालभडक झाले. त्यानंतर दर चौथ्या दिवशी मी कुंचला साध्या पाण्यात बुडवत होते आणि वहीत 'रंग लावला' असं लिहीत होते. तिसऱ्या खेपेला तिचा फज्जा उडाला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

तिसऱ्या खेपेला नर-माद्या अर्ध्याअर्ध्या निघाल्या. मी तिच्या पडलेल्या चेहऱ्याची वाट बघत होते. ती जिना धावत उतरून आली, दारातच माझे खांदे धरले. "ताई, माद्या फसत नाहीत. दोनदा फसल्या, तिसऱ्यांदा त्यांनी रंगाखालचा खरा नर ओळखला. हे कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नसेल."

संचालकांनी तिला मोठ्या परिषदेत बोलायला पाठवायचं ठरवलं. पुढची तीन वर्षं ती याच्यावरच काम करणार होती. घरी आईने चार ठिकाणी फोन केले. मला जेवण जाईना. खरं सांगितलं तर तिचं वाटोळं, आणि तेच तर मला हवं होतं, मग माझ्या तोंडून निघालेल्या खऱ्याला काय किंमत? असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी तिच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. मन खात होतं म्हणून नाही. तिचं नाव माझ्या पाण्यावर होणार, हे मला सोसवेना म्हणून.

तिचे ओठ पांढरे पडले होते. मग म्हणाली, "का?"

"बहीण म्हणाली नाहीस."

"पहिल्या दिवशी तूच बजावलं होतंस. इथे ताई-बिई करायचं नाही, लोक म्हणतील बहिणीच्या वशिल्याने आली."

बजावलं होतं. मी विसरले होते.

तिने डोळे पुसले आणि वही ओढली. "कोणत्या तारखेपासून?" मी सांगितली. "बाराही?" बाराही. ती आकडे मांडत गेली, आणि तिचा चेहरा बदलत गेलेला मी बघितला. "रंग होता तोवर नर जास्त. रंग गेला, नर कमी झाले. म्हणजे रंगच, ताई. मला हे मुद्दाम करून बघायलाच हवं होतं, सुचलं नाही."

मी घात केला तोसुद्धा तिच्याच पथ्यावर पडला. मला हसावं की रडावं कळेना.

"पण खरं ते लिहावं लागेल," ती म्हणाली. "तिसऱ्या खेपेला रंग लावला गेला नाही. कोणामुळे ते लिहीत नाही."

"लिही."

"काय लिहू? पक्ष्यांचं बघणाऱ्या बाईने लावला नाही?"

"बहिणीने, असं लिही."

"असं कुणी लिहीत नाही." तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून तेच लिहिलं. "उद्यापासून कुंचल्याला हात लावायचा नाहीस. रंग मी लावीन."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची बंदी मोडली. मी दारात उभी राहून बघत होते. पहिल्या नराचं डोकं तिने डोळ्याच्या कडेपर्यंत रंगवलं, एक थेंब इकडेतिकडे नाही, माझ्यापेक्षा सफाईने. मी चूक शोधत राहिले, ती सापडली नाही. पक्ष्याची मान तिच्या दोन बोटांच्या मधे होती, पाठ तळहाताला, आणि छाती मोकळी.