आजीच्या आवाजात

आजी गेली आणि मला रडूच येईना. बायको म्हणाली, एकदा रडून घ्या, मोकळे व्हाल. मी म्हटलं, मग कांदे दे. तिने खरंच कांदे आणि सुरी पुढ्यात आणून ठेवली. कांदे चिरले, त्यांचं ऑम्लेट झालं, खाल्लं. डोळे कोरडेच.

भेटायला येणारे माझ्या तोंडाकडे बघायचे. जन्मभर सगळ्यांची फिरकी घेणारा आता कसा दिसतो, ते बघायचं असावं. मी आपला कपबशा विसळत होतो.

माझ्या वात्रटपणाला खतपाणी तिनेच घातलं. आई-बाबा नोकरीपायी लांब, मी आजीपाशी. ती सरकारी समाजसेविका. दिवसभर लोकांच्या घरातली मारहाण, पळून गेलेली पोरं, टाकलेल्या बायका हे सगळं निस्तरून घरी यायची, तर मी सापळा लावून तयार. एकदा साखरेच्या डब्यात मीठ भरलं. ती चहाचा अख्खा कप शांतपणे प्यायली, फक्कड झालाय म्हणाली, आणि तसाच एक मला करून समोर बसून पाजला.

निवृत्त झाली तरी तिचे फोन थांबले नाहीत. गुडघे दुखायचे म्हणून फोन मी उचलायचो, आणि तिच्याच आवाजात बोलायचो. एका विमावाल्याला मी विचारलं होतं, बाळा, मला पोहण्याच्या शर्यतीत उतरायचंय, बुडाले तर पैसे मिळतात का? आजी शेजारी उशीत तोंड खुपसून हसत होती. पण तिच्याकडे मदतीला येणाऱ्या माणसांपैकी कुणाचा फोन असला की थट्टा बंद, रिसीव्हर मुकाट्याने तिच्या हातात.

या माणसांसोबत ती काठी टेकत कोर्टात जायची. आत नाही जायची, बाहेरच्या बाकावर बसायची. म्हणायची, लोक कच खातात ते आत नाही रे, बाहेर खातात.

ती गेल्यावर पहिल्यांदाच तो फोन वाजला. घरात मी एकटा. हात गेला, आणि सवयीने तोंडातून तिचाच आवाज निघाला, "हं, कोण गं?"

पलीकडे बेकरीवाली होती. आजी तिच्याबद्दल बोलायची. मुलीला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघालेली, आता बेकरीत पाव भाजते. तिने मला श्वास घेऊ दिला नाही. उद्या तारीख होती, मुलगी कुणाकडे राहणार ते ठरणार होतं. दीर म्हणत होता, आत जायच्या आधी बाहेरच सही कर, पोरगी दे, विषय संपव. सही करून टाकते ताई, दमले मी, असं म्हणाली.

"तुम्ही येणार ना?"

सोपं होतं. त्याच आवाजात, गुडघे धरलेत, तू हो पुढे, मी येते, एवढं म्हटलं असतं तर ती गेली असती. आणि उद्या बाकावर वाट बघत बसली असती. मी तोंड उघडलं.

"आजी गेली," मी म्हणालो. तेसुद्धा आजीच्याच आवाजात.

मग माझ्या आवाजात परत सांगितलं. मी नातू, आजी गेल्या आठवड्यात गेली, तुम्हाला कळवायचं राहून गेलं. पलीकडे पाव भाजायच्या पत्र्यांचा खडखडाट ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

सकाळी मी कोर्टात जाऊन आजीच्या बाकावर बसलो. ती येईल असं काही वाटत नव्हतं, आणि आली तरी मी तिला ओळखणार कसा? पण बाहीवर पीठ लागलेली एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कालचा आवाज तुमचा?"

"हो."

"परत काढायचा नाही."

"नाही."

ती बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. आजी कशाने गेली, ते विचारलं. झोपेत, मी म्हटलं. त्रास झाला का? नाही.

थोड्या वेळाने दीर आला, इस्त्रीचा शर्ट, हातात कागद. वहिनी, कशाला जगासमोर तमाशा, असं मऊ मऊ बोलत त्याने कागद तिच्या मांडीवर ठेवला. पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. तिने घेतलं. सहीच्या जागेपर्यंत नेलं आणि माझ्याकडे बघितलं. धीर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

मी म्हटलं, ताई, जरा पेन देता का, बायकोने सामान सांगितलंय, विसरायच्या आत लिहून ठेवतो. तिने दिलं. मी तळहातावर सावकाश साबण लिहिलं, दोरी लिहिली. पेन खिशात टाकलं.

दिराने पेन मागितलं. कुठलं पेन, मी विचारलं.

तो तापला, शिपाई तिकडून गप्प बसा म्हणून ओरडला, आणि तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली. कागद बाकावर ठेवला, बाहीवरचं पीठ झटकलं आणि आत गेली. दार लोटलं गेलं.

दीर माझ्या शेजारी येऊन बसला. तुम्ही तिचे कोण, त्याने विचारलं. कुणी नाही, मी म्हटलं. मग इथे का बसलाय?

ती बाहेर येईपर्यंत बसायचंय, एवढंच मी म्हटलं.