दाराची कमची

मले भुताखेताचा राग येते. भेव नाही, राग. म्हणून पाचवीचे पोट्टे "मॅडम, राहुलनंच केलं" म्हणाले, तवा मी असी भडकली का सारा वर्ग चिडीचूप.

मध्यप्रदेशच्या सीमेवर, राजेगावजवळच्या या शाळेत मी याच वर्षी बदलून आली. पुस्तक हिंदीत, पोट्ट्यांचं भांडण मराठीत, माह्यं शिकवणं दोन्हीत. मजबूत ढाचा कसा असते, हे नुसतं चित्र पाहून कोणाले समजन? म्या बांबूच्या कमच्या आणल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर कापले अन् म्हटलं, बांधा लहानशी खोली. नुसता चौकोन हात लावला का डुलते. त्यात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी कमची बांधली का दोन त्रिकोण होतात. मंग हलवून दाखवा! पोट्ट्यांनी एका बाजूले दार ठेवलं, पण तिरप्या कमच्या चारही बाजूंनी आवळल्या, वर दगड ठेवले. खोली जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पाहतो तं दाराच्या बाजूची कमची सुटलेली, खोली वाकडी, दगड खाली. पुन्हा बांधली. पुन्हा तेच. बाकी तीन बाजूंले कोणी बोट लावलं नव्हतं.

राहुल याह्यच्याच वर्गातला. मागच्या पावसाळ्यात शाळेची जुनी खोली बसली, तवा तो दप्तर आणाले आत गेलता. चौकट दबली अन् दार अटकलं. तो आतून दार ठोकत होता, ते या पोट्ट्यांनी ऐकलं हाय. तो जिता बाहेर आला नाही. त्याची माय, गोदाबाई, आजबी शाळेत पोरांचा भात रांधते. तिच्यासमोर कोणी त्याचं नाव काढत नाही.

"मॅडम, या खोलीतून आवाज येते," मयुरी हळूच म्हणाली. "दार ठोकल्यासारखा."

"गप बस!" म्या तिले दटावलं. पण खरं सांगतो, दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर म्याबी ऐकलं. टकटक. मले माह्याच कानाचा राग आला.

चोर पकडाचाच, म्हणून एक दिवस प्रार्थनेच्या आधीच आली. वर्गात गोदाबाई खाली बसून रबर सोडून राह्यलती.

"गोदाबाई! काहून करता असं? लेकरांची मेहनत हाय ना!"

तिनं वर पाह्यलं. "दारावर कमची मारता, मॅडम. तो बाहेर कसा येईन?"

मी तिच्याजवळ बसली अन् रडली. मंग डोळे पुसून म्हटलं, "दार मोकळं ठेवू. अन् खोलीबी पडू देणार नाही."

पोट्टे आले. त्याह्यच्याकडून दाराच्या वरच्या दोन कोपऱ्यांत लहान तिरप्या कमच्या बांधून घेतल्या, खालून रस्ता मोकळा ठेवला. अश्विननं वर दगड ठेवले, होते नव्हते तेवढे सारे. खोली उभी राह्यली. कोणी टाळ्या वाजवल्या नाही.

आतून टकटक झालं. सगळ्यांनी ऐकलं. म्या कोणाले दटावलं नाही.

गोदाबाईनं दारासमोर हात पुढं केला. "ये रे बाबू. दार उघडं हाय."

टकटक थांबलं. दारासमोर बसलेली मयुरी बाजूले सरकली. तिच्यामागं अश्विन सरकला. मंग एकेक पोट्टा सरकत गेला अन् वर्गाच्या मधात बाहेरपर्यंत वाट झाली.

त्या वाटेत आता मी एकटी उभी होती. मीबी सरकली.