धोंड्याच्या महिन्यातली दलाली

टेंभी नाक्यावर त्र्यंबकशेठचा जुन्या गाड्यांचा अड्डा होता. बदली झालेले साहेबलोक जाताना आपला घोड्याचा शिग्राम विकून जात, कुणा इनामदाराची बैलांची दमणी जुनी झाली म्हणून निघे. शेठ त्या मातीमोलाने घेई आणि रंगरोगण करून दुसऱ्याच्या गळ्यात मारी. गळ्यात मारायचं काम महिपतचं. मिठागर सोडून तो इथे सात रुपये महिन्यावर लागला होता, आणि जीभ अशी गोड की कुरकुरत्या चाकाची गाडीसुद्धा गिऱ्हाईक हसत घेऊन जाई.

भाद्रपदात शेठने त्याला गादीजवळ बसवलं. "महिपत, पगाराचे दिवस गेले आता. मुंबईत सगळे दलालीवर काम करतात. विकशील त्यात रुपयामागे एक आणा तुझा."

ऐंशीची दमणी गेली की पाच रुपये. महिन्याला दोन गेल्या तरी पगाराच्या वर. महिपत लगेच हो म्हणाला, आणि तिथेच फसला. शेठच्या मागे भिंतीवर पंचांग टांगलेलं होतं. ते शेठने वाचलं होतं, महिपतने नव्हतं.

पितृपक्ष लागला. पितरांच्या पंधरवड्यात गाडी कोण घेतो? तो सरतो न सरतो तोच अधिक आश्विन, म्हणजे धोंड्याचा महिना. लोक येत, चाकं हलवून बघत, ऐटीत बसून बघत आणि "दसऱ्याला बघू" म्हणून चालते होत. बोलून बोलून महिपतच्या घशाला कोरड पडली, पण आणा काही सुटला नाही. त्यात धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान. जावई गणू कल्याणहून आला, पुरणाचे धोंडे हाणून, नवं धोतर घेऊन गेला. त्यापायी बायजाच्या चांदीच्या वाक्या वाण्याकडे गहाण पडल्या.

"दसऱ्याला सोडवून आणतो," महिपत बायकोला म्हणाला. "घट बसले की गिऱ्हाईक रांग लावंल बघ."

"आणा म्हंजे झालं," बायजा म्हणाली आणि उघडे हात पदराखाली घेतले.

घटस्थापनेच्या सकाळी महिपत धुतलेला सदरा घालून अड्ड्यावर आला. शेठने चार माणसांदेखत त्याला हाक मारली.

"दीड महिना तुझ्या घरात पैसा नाही. मला बघवत नाही रे. आजपासून तुझा पगार पुन्हा चालू."

"शेठचं काळीज मोठं," हिशेब लिहिणारे मधु कारकून म्हणाले. चार माणसांनी माना डोलावल्या, आणि महिपतने फडकं घेऊन गाड्या पुसायला घेतल्या.

दसऱ्यापर्यंत अड्डा निम्मा रिकामा झाला. झेंडूच्या माळा घातलेली एकेक गाडी नाक्यावरून वळली की महिपत नुसता जळफळे. सगळ्या त्यानेच विकल्या होत्या. सात रुपयांत घर चाललं असतं, वाक्या सुटणार नव्हत्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला राहवेना. "शेठ, पगार नको. मला दलालीच द्या."

शेठ अजिबात रागावला नाही. त्याने पंचांग खाली काढलं, पानं उलटली, एका ठिकाणी बोट ठेवलं.

"बरं बाबा, मी कुणाचं मन मोडत नाही. दिवाळी होऊ दे, मार्गशीर्षातली लग्नं उरकू दे. पौषापासून तुझी दलाली चालू."

पौषात कुणी बैलाचा कासरासुद्धा विकत घेत नाही. एवढं पंचांग आता महिपतलाही पाठ झालं होतं.

"बघ, शेठ ऐकतात तुझं," मधु कारकून म्हणाले.

महिपतने हात जोडले. मोकळे राहिले असते तर ते काय करून बसले असते, याचा त्याला भरवसा नव्हता.